दोरीच्या या टोकाला

२०२५ च्या पावसाळ्यात सर्वोच्च न्यायालयाने कुत्र्यांचा प्रश्न हाती घेतला आणि बघता बघता सारा देश दोन तटांत विभागला गेला. ११ ऑगस्टला न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने आदेश दिला, की दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, ती पुन्हा रस्त्यावर दिसता कामा नयेत. अकराच दिवसांनी, २२ ऑगस्टला, न्या. विक्रम नाथ यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी अडकवून ठेवा, आणि खाऊ घालायचे ते नेमून दिलेल्या जागीच घाला, असे नवे फर्मान निघाले. मग ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटवण्याचा आदेश आला. या साऱ्या काळात दूरचित्रवाणीच्या पडद्यावर श्वानप्रेमी आणि श्वानपीडित एकमेकांवर भुंकत होते, असे म्हणायचा मोह होतो. पण त्यात कुत्र्यांचा अपमान आहे.

या भांडणात माझी जागा कुठली, हे ठरवणे मला सोपे गेले नाही. मी पुण्यात, पर्वतीच्या पायथ्याशी राहतो. दिवसातून दोनदा खंड्या नावाचा गावठी कुत्रा घेऊन रस्त्यावर उतरतो. आणि गेली एकतीस वर्षे मला अपस्मार आहे. फिट, आकडी, फेफरे, मिरगी, ज्याला जो शब्द जवळचा वाटेल तो त्याने घ्यावा. म्हणजे दोन्ही तटांवर माझे काहीतरी आहे. कुत्र्यावर माझा जीव आहे, आणि भर रस्त्यात शुद्ध हरपून पडलो तर त्याच रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे माझ्याइतका असहाय माणूस दुसरा नसेल.

दोन्ही बाजूंच्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. रस्त्यावर चालणारा माणूस धडधाकट आहे, तो काठी उगारू शकतो, पळू शकतो, निदान ओरडू तरी शकतो. हे गृहीतक किती लोकांना लागू पडत नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतले जवळजवळ ८० टक्के गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. भारतातला आकडा एक कोटीच्या पुढे धरला जातो. यातल्या बहुतेकांना डॉक्टर सांगतात, की रोज चाला. आणि बहुतेकांच्या घरचे सांगतात, एकटा बाहेर पडू नकोस. या दोन सल्ल्यांच्या मध्ये आमचे आयुष्य जाते. कुत्रा आला की हा तिढा सुटतो, निदान तसे वाटते. पहिला सल्ला आपोआप पाळला जातो, आणि दुसऱ्याला उत्तर देता येते, की एकटा कुठे आहे, खंड्या आहे ना!

हे उत्तर खरे आहे का, हा माझ्यापुरता आजचा प्रश्न आहे.

आधी वेळेचे बघू. कुत्रा फिरवण्याची आपल्याकडची सर्वमान्य वेळ म्हणजे पहाट. रस्ते मोकळे, ऊन नाही, कुत्र्यालाही घाई असते. पण अपस्माराच्या एका मोठ्या गटासाठी हीच वेळ सर्वांत वाईट. माझा आजार त्या गटातला. डॉक्टरी भाषेत त्याला ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. तो किशोरवयात सुरू होतो, आणि झोपेतून उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात हात आपोआप झटकले जातात. चहाचा कप उडतो, दाढीचे ब्रश सुटते. रात्री जागरण झालेले असेल, आदल्या संध्याकाळची गोळी चुकलेली असेल, तर या झटक्यांचे रूपांतर पुऱ्या आकडीत होते. अशा अवस्थेत साडेपाचला उठून, डोळे चोळत, हातात दोरी घेऊन जिना उतरणे म्हणजे संकटाला आवतण. म्हणून आमच्या घरी क्रम ठरलेला आहे: उठणे, गोळी, चहा-बिस्किट, वर्तमानपत्र, आणि तासाभराने खंड्या. सुरुवातीला तो दारापाशी बसून कुरकुरायचा. कुत्र्यांना घड्याळ कळत नाही, पण क्रम फार चांगला कळतो. पंधरा दिवसांत त्याला कळून चुकले, की वर्तमानपत्राची घडी पडल्याशिवाय चप्पल निघत नाही. ज्या सकाळी हात झटकतात त्या सकाळी फिरणे रद्द, आणि शेजारचा कॉलेजातला मुलगा त्याला घेऊन जातो. ज्यांची आकडी औषधांनी आटोक्यात आलेली नाही, महिन्यातून अनेकदा येते, त्यांनी मोठा कुत्रा एकट्याने फिरवूच नये, हे मी आडपडदा न ठेवता सांगेन. सोबत कुणीतरी हवे, किंवा सोसायटीच्या आवारातला फेरा पुरे.

रस्ता निवडण्याचे शास्त्र वेगळेच आहे. आमच्या भागातून मुठा उजवा कालवा जातो, आणि त्याच्या काठाने चालायला पुणेकरांना फार आवडते. मी तिथे जात नाही. अपस्मार असलेल्यांना बुडून मरण्याचा धोका इतरांपेक्षा पंधरा ते एकोणीस पट असतो, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आढळले. त्यात समुद्र आणि तळी होती तशी घरातली न्हाणीही होती. तळजाईवरच्या आतल्या पायवाटाही मी सोडल्या. तिथे पडलो तर बघणारे कुणी नाही. उंच झाडांच्या रांगेतून कोवळे ऊन डोळ्यांवर लुकलुकत येते ते सर्वांना रमणीय वाटते. पण अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांचा मेंदू अशा लुकलुकण्याने भडकतो, आणि माझ्या प्रकारच्या आजारात हे प्रमाण बरेच अधिक आहे. तेव्हा माझ्या वाट्याला आला तो एक गद्य रस्ता. दूध केंद्र, भाजीवाली, इस्त्रीवाला, दवाखाना, रिक्षाथांबा. सौंदर्य शून्य, पण दर पन्नास पावलांवर मला ओळखणारा माणूस.

आता दोरी. ज्यांनी कुत्रा पाळला नाही त्यांना वाटेल, त्यात काय बोलायचे? पण बहुतेक अपघात या दोरीतच दडलेले असतात. खूप जण दोरीचे टोक मनगटाला दोन वेढे देऊन घेतात, म्हणजे सुटायला नको. आकडीत शरीर लाकडासारखे ताठ होते, माणूस आडवा कोसळतो. दचकलेला कुत्रा उलट दिशेला झेप घेतो, आणि वेढे घट्ट होतात. मनगट किंवा खांदा निखळायला एवढे पुरे. त्यात आमच्यापैकी अनेकांची हाडे आधीच हलकी झालेली असतात. फेनिटॉइन, फेनोबार्बिटल, कार्बामाझेपिन यांसारखी जुनी औषधे वर्षानुवर्षे घेतली की हाडांतला कस कमी होतो, हे वैद्यकाला पक्के ठाऊक आहे. त्यांतल्या काहींनी तोलही जातो. तीस किलोचा लॅब्रॅडॉर मांजरामागे हिसका देतो तेव्हा असा माणूस आकडीशिवायही पडतो. पडतो कुत्र्यामुळे, आणि घरचे म्हणतात, पुन्हा फिट आली वाटते!

हल्ली बटण दाबले की लांबणारी आणि सोडले की आखडणारी दोरी मिळते. ती आमच्या कामाची नाही. हातातून सुटली की तिची प्लास्टिकची जड मूठ फरशीवर आपटत कुत्र्याच्या मागे धावते. कुत्र्याला वाटते कुणी पाठलाग करते आहे, आणि तो थेट वाहनांत घुसतो. कमरेच्या पट्ट्याला दोरी अडकवणे हा दुसरा टोकाचा उपाय. यात कुत्रा सुटत नाही हे खरे, पण तो ताकदवान असेल तर शुद्ध हरपलेल्या मालकाला फरफटत नेतो. लहान, शांत कुत्र्याला हे चालेल, दांडग्याला नाही. मी साधी, चार-पाच फुटांची, रुंद सुती दोरी वापरतो, मूठ सैल धरतो, आणि खंड्याच्या गळ्यातल्या पट्ट्याऐवजी ती छातीभोवतीच्या हार्नेसला जोडतो. मी त्या दोरीवरच पडलो तर त्याच्या गळ्याला फास बसू नये, एवढाच हेतू.

दोरी सुटली तर काय, हे मात्र कुत्र्यालाच शिकवावे लागते. आम्ही घरात नाटक केले. मी दिवाणखान्यात चालता चालता दोरी टाकून आडवा व्हायचो आणि बायको खंड्याला माझ्या पोटाशी बसवून बिस्किट द्यायची. दोन महिने हा प्रयोग रोज रात्री झाला. खालच्या मजल्यावरच्यांनी धपधप आवाजाची चौकशीही केली. आता दोरी जमिनीला लागली की खंड्या बसतो. त्याला माझ्या आजाराची कणव वाटते असे मी मानत नाही. त्याला बिस्किट आठवते. मला तेवढे पुरते.

परंतु यातून एक नवी अडचण निघते, आणि तिचा विचार फारसे कुणी करत नाही. मालक जमिनीवर तडफडतो आहे, लोक धावत येत आहेत, आणि कुत्रा त्याच्याशेजारी उभा राहून गुरगुरतो आहे. तो आपल्या समजुतीने राखण करतो. पण मदतीला आलेला माणूस दोन पावले मागेच थांबतो, आणि त्याचे काय चुकले? म्हणून राखणदार म्हणून नावाजलेल्या जातींचा कुत्रा अपस्मार असलेल्याने घेऊ नये, असे माझे मत आहे. कुणाही परक्याने दोरी उचलली तरी निमूट जाणारा, थोडा निर्लज्जच कुत्रा बरा. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांच्या हातून खंड्याला खाऊ देववला तो यासाठी. त्याच्या हार्नेसवर एक पाटी शिवली आहे. तीवर मराठीत आणि हिंदीत लिहिले आहे, की मालकाला फिट येते, कुत्रा चावत नाही, या नंबरवर फोन करा.

परदेशांत याच्या पुढची पायरी गाठली गेली आहे. आकडी आल्यावर मदत करणारे, आणि येण्याआधी इशारा देणारे, अशी दोन प्रकारची कुत्री तिथे तयार केली जातात. २०१९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी पाच शिकवलेल्या कुत्र्यांना आकडीच्या वेळच्या शरीरगंधाची पारख करता येते असे दाखवले. २०२१ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या प्रयोगात कसलेही शिक्षण नसलेली १९ घरगुती कुत्रीही तो गंध आला की वेगळी वागली. म्हणजे कुत्र्याच्या नाकाला काहीतरी कळते. पण कळणे आणि आपल्याला वेळेत कळवणे यांत फार अंतर आहे. पाळीव कुत्रा इशारा देईलच, या भरवशावर कुणी गोळी टाळली तर तो शुद्ध वेडेपणा होईल.

आणि आपल्याकडे हा कुत्रा लिफ्टमध्येच अडतो. एका गृहनिर्माण संस्थेने, जिथे मी काही वर्षे राहत होतो, पाळीव प्राण्यांना लिफ्ट बंद केली आणि जिन्याने न्या असा ठराव केला. मी पाचव्या मजल्यावर होतो. अपस्मार असलेल्याला जिन्यावर आकडी येणे म्हणजे काय, हे समितीला समजावून सांगताना सचिवांनी विचारले, ‘मग कुत्रा पाळता कशाला?’ भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच सोसायट्यांना कळवले होते, की पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही. ते पत्र मी दिले. ते फाइलला लागले, लिफ्टमधली सूचना तशीच राहिली, आणि मी घर बदलले.

पुन्हा रस्त्यावर येऊ. २०२४ या एका वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. कुत्रा चावणे हा काही श्वानद्वेष्ट्यांच्या कल्पनेचा खेळ नाही. आमच्या बाबतीत त्याला एक भयानक शेपूट आहे. आकडीनंतर बराच वेळ भान नसते, आणि त्या वेळचे पुढे काहीच आठवत नाही. चरकसंहितेने या रोगावर स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि स्मृतीचे जाणे हाच अर्थ त्याच्या नावात आहे. रस्त्यात पडलो असताना एखाद्या कुत्र्याने दात लावले, तर ते मला सांगता येणार नाही. खरचटणे पडल्यामुळे, की दातामुळे? रेबीजची लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो, आणि वेळेवर लस घेतली तर तो टळतो. म्हणून घराबाहेर आकडी येऊन गेली, की घरच्यांनी अंग तपासावे, जखम पंधरा मिनिटे साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी, आणि शंका असेल तर लस टोचून घ्यावी. अपस्माराची औषधे चालू आहेत म्हणून ही लस टाळायचे कारण नाही.

या अनुभवातून पाहता २२ ऑगस्टचा आदेश मला सर्वांत शहाणा वाटतो, आणि त्यातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, खाऊ घालण्याची नेमलेली जागा, सर्वांत मोलाची. लस टोचलेली, नसबंदी झालेली, एकाच ठिकाणी रुळलेली कुत्री मला ओळखतात आणि खंड्यालाही. कोपऱ्यावरची चार कुत्री (दत्ताची चार, असे भाजीवाली म्हणते) आता आमच्याकडे बघण्याची तसदीही घेत नाहीत. धोका असतो तो नव्याने सोडलेल्या टोळीचा, आणि रोज वेगळ्या ठिकाणी टाकलेल्या बिस्किटांवरून जुंपणाऱ्या मारामारीचा. खाण्याची जागा आणि वेळ ठरलेली असेल तर मला ती चुकवता येते. श्वानप्रेमींना या नियमाचा राग आला. त्यांना माझी विनंती आहे, की हा नियम कुत्र्यांविरुद्ध नाही, तो माझ्यासारख्याच्या नकाशासाठी आहे.

तथापि सगळा नकाशा, दोरी, पाटी यांच्यापेक्षा मला जास्त सुरक्षित केले ते एका गोष्टीने. माझ्या रस्त्यावरच्या लोकांना माहीत आहे. आणि हीच गोष्ट आपल्या समाजात सर्वांत अवघड. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराला बसवले, आणि लग्नाच्या पात्रतेतून या आजाराच्या माणसाला वगळले. तो शब्द कायद्यातून जायला १९९९ साल उजाडावे लागले. कायद्यातून गेला, मनातून गेला नाही. ज्या घरात उपवर मुलीला हा आजार असतो, त्या घरात औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी खरवडलेली मी पाहिली आहे. अशी मुलगी भाजीवालीला काय सांगणार? तिने कुत्रा पाळला तरी त्याच्या पट्ट्यावर पाटी शिवता येणार नाही. तिला फिरायला जाणे सुरक्षित कसे करायचे, याला माझ्याकडचा एकही उपाय लागू पडत नाही. लपवण्यात तिच्या घरच्यांचा मूर्खपणा नाही. ते आजूबाजूचा बाजार ओळखून वागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०२२ मध्ये २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर केला. त्यात ८० टक्के देशांनी अपस्मार असलेल्यांच्या हक्कांसाठी कायदे करावेत किंवा सुधारावेत असे उद्दिष्ट आहे. आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या यादीत अपस्माराचे नाव स्वतंत्रपणे नाही.

कळल्यावरही लोक काय करतात, हा पुढचा प्रश्न. तोंडात चमचा घालणे, नाकाला कांदा किंवा चप्पल लावणे, मुठीत किल्ल्या कोंबणे, चार जणांनी हातपाय दाबून धरणे, हे सारे अजून चालते. करायचे ते फार थोडे आहे. डोक्याखाली काही मऊ ठेवा, आजूबाजूच्या वस्तू दूर करा, झटके ओसरले की कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबले नाही तर १०८ ला फोन करा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. आणि कुत्रा बरोबर असेल तर एकाने त्याची दोरी उचलून तो दिसेल एवढ्या अंतरावर उभे राहा. मालकाच्या नजरेआड नेला तर कुत्रा बिथरतो, आणि भानावर आलेला मालक त्याहून अधिक.

सकाळी सहा-साडेसहाला पुण्याच्या रस्त्यावर कोण असते? महापालिकेचे झाडूवाले, ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बायका, दूधवाले, आणि आम्ही कुत्रेवाले. कुणी पडला तर पहिला हात यांचाच लागणार. रस्त्यावरची कोणती कुत्री कुठे बसतात, कुणाला कोण खाऊ घालते, कुठला कुत्रा अलीकडे बिथरल्यासारखा वागतो, याची खडान्‌खडा माहितीही त्यांनाच असते. खाऊच्या जागा ठरवण्यासाठी प्रभागात बैठका होतील तेव्हा श्वानप्रेमी येतील, सोसायट्यांचे अध्यक्ष येतील. या बायकांना कुणी बोलावेल असे दिसत नाही. त्यांना बोलवावे, त्यांनी दाखवलेल्या जागा नकाशावर आणाव्यात, आणि त्याच बैठकीत अर्धा तास काढून आकडी आलेल्याला कुशीवर कसे वळवायचे ते सगळ्यांना करून दाखवावे. जमिनीवर पडून दाखवायला माणूस लागेल. मी येईन, खंड्यालाही आणीन.